बॅटरी नवी, पंप नवा, बिघाड मात्र तोच: बोटीच्या विजेसाठी काय तपासायचं आणि कोणाला बोलवायचं

आधी लक्षणं बघा. यातली दोन-तीन ओळखीची निघाली तर पुढचं तुमच्यासाठीच आहे.

- बॅटरी बदलून फार दिवस झालेले नाहीत, तरी बोट आठवडाभर उभी राहिली की स्टार्टर नुसता 'कट्' असा आवाज करतो आणि गप्प बसतो.
- बिल्ज पंप (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा) लहर लागली तर चालतो. पॅनेलवर थाप मारली की हमखास चालतो.
- नांगराचं विंच फिरायला लागलं की दिवे मंद होतात आणि जीपीएस बंद पडून पुन्हा सुरू होतो.
- एकच फ्यूज वारंवार उडतो. कुणीतरी कधीतरी त्या जागी मोठा फ्यूज घालून ठेवलेला आहे.
- मीटर लावला तर साडेबारा व्होल्ट दिसतात, उपकरण मात्र ढिम्म.
- प्रोपेलरजवळचं झिंक (बाकीच्या धातूंऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) पूर्वी हंगामभर टिकायचं, आता काही आठवड्यांत चाळण होतं.
- धक्क्यावरची वीज जोडली की ब्रेकर पडतो, किंवा बोटीच्या धातूच्या भागाला हात लावला की मुंग्या येतात.

शेवटचं लक्षण असेल तर मधल्या तपासण्या करत बसू नका. धक्क्यावरचा ब्रेकर बंद करा, मगच केबल काढा, आणि थेट 'इथे थांबा' या भागाकडे जा.

आणखी एक लक्षण यादीत बसत नाही, पण सगळ्यात जास्त तेच भेटतं. एक जण आला, बॅटरी बदलून गेला. दुसरा आला, त्याने पंप बदलला. तिसऱ्याने पॅनेलच बदला म्हणून सांगितलं. प्रत्येक वेळी आठ दिवस बरे गेले आणि मग पुन्हा तेच. अशा वेळी मालकाची तक्रार असते की बोटीचं इलेक्ट्रिक काम जाणणारा माणूसच मिळत नाही. तक्रारीत तथ्य आहे, अशी माणसं कमीच असतात. पण आपण त्यांना बोलावतो कसं? 'लाइट जातेय, येऊन बघा.' एवढ्यावर येणारा माणूस जे पटकन बदलता येईल ते बदलणारच. बिघाड कुठल्या टप्प्यात आहे हे तुम्ही मोजून सांगितलंत, तर बोलवायचा माणूसही वेगळा ठरतो आणि त्याला अंदाजावर सामान बदलायची सोय राहत नाही. खालच्या तपासण्यांचा निम्मा उपयोग बिघाड शोधायला आहे, उरलेला निम्मा माणूस निवडायला.

पुढचं सगळं १२ व्होल्ट डीसी आणि नेहमीच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीसाठी आहे. २४ व्होल्टची बोट असेल तर आकडे दुप्पट धरा.

फुकटातल्या तपासण्या: वही, नाक, डोळे

बिघाड कधी होतो ते लिहून ठेवा. पाऊस पडून गेल्यावर? इंजिन सुरू असताना, की बंद असताना? लाटांत, की उभ्या बोटीत? हा बारीकसारीक तपशील फार कामाचा असतो. लाटांत होणारा बिघाड बहुतेक ढिल्या जोडाचा असतो, पावसानंतर होणारा ओलाव्याचा, आणि उभ्या बोटीत बॅटरी उतरत असेल तर काहीतरी गुपचूप करंट खातंय. येणारा इलेक्ट्रिशियन तासभर बोटीवर असेल, त्या तासात बिघाड दिसेलच असं नाही. तुमच्या वहीत मात्र तो असेल.

मग नाक. पेट्रोल इंजिन असेल तर आधी इंजिनच्या खणाचं झाकण उघडून हवा खेळू द्या, ब्लोअर (आतल्या वाफा बाहेर काढणारा पंखा) असेल तर चालवा. पेट्रोलचा वास येत असेल तर एकही स्विच हलवू नका. तपासणी तिथेच संपली. बॅटरीच्या खणाशी सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे बॅटरीला प्रमाणाबाहेर चार्ज मिळतोय किंवा आतला एखादा सेल गेलाय. त्या अवस्थेत ती हायड्रोजनही सोडत असते आणि त्याला एक ठिणगी पुरते. चार्जर बंद करा, झाकण उघडं ठेवा आणि लांब व्हा.

डोळ्यांनी बघायचं ते टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर, वायरच्या टोकाशी तपकिरी पडलेलं प्लास्टिक, आणि टेप. इन्सुलेशन टेप गुंडाळलेला जोड बोटीत दिसला की तो संशयित नंबर एक. दमट हवेत टेपचा गोंद सुटतो, आत पाणी शिरतं, आणि टेप ते पाणी आतच धरून ठेवते. तारा एकमेकींत पिळून वर प्लास्टिकची टोपी घातलेले जोडही त्याच पंगतीतले. घरात चालतात, थरथरणाऱ्या बोटीत नाहीत.

मल्टिमीटर हाती घ्या: आधी बॅटरी

साधा डिजिटल मल्टिमीटर इथे पुरतो. बॅटरी चार्जिंगवरून आणि लोडवरून (म्हणजे वीज घेणाऱ्या उपकरणांवरून) काढून काही तास, जमलं तर रात्रभर, तशीच ठेवा. मग व्होल्टेज बघा. १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली. १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. १२.० च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. चार्जर काढल्या काढल्या मोजलंत तर १३ च्या वर दिसेल. तो फसवा आकडा आहे, पृष्ठभागावरचा चार्ज उतरला की खरा कळतो.

ही तपासणी पहिली का? बॅटरीच रिकामी असेल तर पुढची सगळी मोजमापं खोटी येतात. आणि रिकामी बॅटरी म्हणजे खराब बॅटरी नव्हे. ती भरत का नाही किंवा उतरते का, हा वेगळा प्रश्न आहे आणि खरा प्रश्न तोच असतो. नुसती बॅटरी बदलणाऱ्याने उत्तर न देता प्रश्न काही महिने पुढे ढकललेला असतो. लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या प्लेटवर सल्फेटचा कडक थर बसतो, त्यामुळे नवी बॅटरीही त्याच वाटेने जाते.

बॅटरी भरलेली असताना इंजिन सुरू करताना मीटर लावून ठेवा. क्रँकिंगच्या वेळी, म्हणजे स्टार्टर इंजिन फिरवत असताना, व्होल्टेज साधारण ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरीवर संशय घ्यायला जागा आहे. १०.५-११ वर टिकतंय आणि तरी स्टार्टर रडतोय, तर बॅटरी निर्दोष. दोष वाटेत किंवा स्टार्टरमध्ये आहे.

टर्मिनल साफ करणं

कंटाळवाणं काम आहे, आणि यातच कितीतरी बिघाड संपतात. आधी सगळे लोड आणि चार्जर बंद. निगेटिव्ह आधी काढायचं, लावताना ते शेवटी. कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना इंजिनच्या धातूला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेलं असलं, तर पाना लाल होईपर्यंत करंट वाहतो. हातातली अंगठी-कडं काढून ठेवा. शिसं चकचकीत होईपर्यंत ब्रशने घासा, केबलचा लगही (टोकाची धातूची कडी) दोन्ही बाजूंनी घासा, घट्ट आवळा, आणि ग्रीस लावायचं ते आवळून झाल्यावर, वरून.

बॅटरीच्या एका बोल्टवर किती लग चढवलेत ते मोजा. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या, म्हणजे एबीवायसीच्या, मानकाप्रमाणे एका बोल्टवर चारपेक्षा जास्त नकोत. जाड केबलसाठी हाताने फिरवायची पंखवाली चक्रीही त्यात बसत नाही, कारण ती थरथरीने सैल होते. तुमच्या बोल्टवर सहा-सात लगांची चळत आणि वर चक्री असेल, तर 'पॅनेलवर थाप मारली की चालतं' या प्रकाराचं मूळ कदाचित इथेच सापडेल.

गुपचूप करंट खाणारं कोण

सगळे स्विच बंद. निगेटिव्ह केबल काढा आणि मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून बॅटरी आणि केबल यांच्या मध्ये जोडा. मीटर असा मध्ये असताना इंजिन सुरू करायचं नाही, विंच लावायचं नाही. मीटरचा फ्यूज जातो, स्वस्त मीटर असेल तर मीटरच जातो. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर केबल काढायचीही गरज नाही.

रेडिओची स्मृती, गॅसचा अलार्म वगैरे मिळून काही मिलिअँपिअर दिसणारच. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, महिन्याला ३६. शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीला ते झेपतं. पण अर्धा अँपिअर दिसला तर आठवड्यात ८४ अँपिअर-तास गेले, म्हणजे बॅटरी संपलीच. एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडतो ते सर्किट. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच असेल तर थेट बॅटरीवर जोडलेल्या वायरी बघा. बिल्ज पंप मुद्दाम असा मेन स्विचला वळसा घालून जोडतात, बोटीवर कुणी नसताना पाणी उपसलं जावं म्हणून. त्याचा फ्लोट स्विच (पाण्याबरोबर वर येऊन पंप चालू करणारा तरंगता स्विच) कचऱ्यात अडकून वरच राहिला की पंप कोरडाच फिरत बसतो आणि बॅटरी उतरते. हाताने वर-खाली करून बघा. खुणेचा 'खट्' आवाज आला पाहिजे. ही वायर कायमची काढून टाकून बॅटरी वाचवू नका. बॅटरी वाचेल, बोट बुडेल.

लोडवरची घट: सगळ्यात महत्त्वाची तपासणी

वर यादीत 'मीटरवर साडेबारा दिसतात पण उपकरण चालत नाही' असं लक्षण आहे. बहुतेक लोक इथे उपकरणच दोषी ठरवतात आणि नवं आणतात. हिशेब बघा. एखाद्या गंजलेल्या जोडाचा अडथळा एक शतांश ओहम आहे. उपकरण बंद असताना करंट जवळजवळ शून्य, म्हणून त्या जोडावर काहीच घट होत नाही आणि मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. आता विंच लावलं, शंभर अँपिअर वाहू लागले. त्याच जोडावर एक व्होल्ट गेला, आणि शंभर वॅट उष्णता त्या एवढ्याशा लगात तयार झाली. लग तापतो, गंज वाढतो, अडथळा आणखी वाढतो. लाटेच्या हादऱ्याने जोड क्षणभर नीट बसतो तेव्हा सगळं ठीक चालतं, म्हणून बिघाड 'कधी होतो, कधी नाही'.

त्यामुळे लोड चालू नसताना मोजलेल्या व्होल्टेजवरून वायरिंगबद्दल काहीही सिद्ध होत नाही. लोड चालू ठेवूनच मोजायचं, ते असं: मीटर डीसी व्होल्टवर. एक काडी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, लगावर नव्हे, शिशाच्या खांबावरच. दुसरी काडी उपकरणाच्या पॉझिटिव्ह टोकावर. लांब पडत असेल तर मध्ये बारीक वायर जोडा. मीटर नगण्य करंट घेतो, त्यामुळे तिच्या जाडीने फरक पडत नाही. उपकरण चालू करा. जो आकडा दिसेल तेवढं व्होल्टेज पॉझिटिव्हच्या वाटेत हरवतंय. मग हेच निगेटिव्हच्या बाजूने करा. निगेटिव्हची बाजू सगळे विसरतात, आणि बिघाड तिथेही तितकाच असू शकतो.

दोन्हींची बेरीज करा. एबीवायसीच्या मानकात नेव्हिगेशन दिवे, बिल्ज ब्लोअर, पॅनेलला वीज नेणारे मुख्य फीडर अशा महत्त्वाच्या सर्किटांसाठी ३ टक्के घट चालते. १२ व्होल्टवर ती ०.३६ व्होल्ट होते. केबिनच्या दिव्यांसारख्या ठिकाणी १० टक्क्यांपर्यंत मुभा आहे. तुमची बेरीज दीड व्होल्ट आली, तर बिघाड वायरिंगमध्ये आहे आणि नवा पंप आणून काही होणार नाही.

आता जागा शोधा. एक काडी खांबावरच ठेवा आणि दुसरी एकेक टप्पा पुढे न्या: केबलचा लग, मेन स्विचची आतली बाजू, बाहेरची बाजू, फ्यूजच्या अलीकडे, पलीकडे, बस बार (अनेक वायरी एकत्र जोडायची धातूची पट्टी). आकडा जिथे एकदम उडी मारतो, तिथे रोगी जोड. एक उदाहरण सांगतो, कारण नुसत्या डोळ्यांना ते दिसलं नसतं. बिल्ज पंपाची वायर, वर चकाचक हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी, लग ओढून बघितला तर घट्ट. पण त्या लगाच्या दोन बाजूंत पाऊण व्होल्टचा फरक. नळी कापली तेव्हा आतली तांब्याची तार काळी पडली होती, नखाने खरवडली तर भुकटी निघाली. इन्सुलेशन मागे सोलत गेलो तरी वीतभर तार काळीच. वायर साध्या तांब्याची होती आणि नळी आतून गोंद नसलेली. उघड्या टोकातून पाणी केसासारख्या तारांमधून आत ओढलं गेलं होतं. अशा ठिकाणी नवा लग लावून उपयोग नाही. लखलखीत तार लागेपर्यंत वायर कापावी लागते किंवा सबंध बदलावी लागते.

चार्जिंग

इंजिन मध्यम वेगात, मीटर बॅटरीच्या खांबांवर. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा हवा. १२.५ वरच रेंगाळत असेल तर आधी अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राचा) पट्टा बघा. सैल पट्टा आणि त्याखाली पडलेली काळी भुकटी हे सोपं कारण आधी बाद करा. मग अल्टरनेटरच्या स्वतःच्या टोकावर मोजा. तिथे १४.४ आणि बॅटरीवर १३.२ असेल तर अल्टरनेटर काढून दुरुस्तीला नेण्यात अर्थ नाही; १.२ व्होल्ट वाटेत जातोय, पुन्हा लोडवरची घट शोधा. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा भाग) गेलाय, इंजिन बंद करा. आणि इंजिन चालू असताना मेन स्विच बंद करून 'काय होतं बघू' हा प्रयोग नको, अल्टरनेटरचे डायोड जातात.

जोड स्वतः बदलायचा असेल तर

छोट्या वायरींचे जोड करायला हरकत नाही, मात्र साधनं योग्य हवीत. बहुतारी वायर, शक्यतो कथिल चढवलेल्या तांब्याची. घरातली एकतारी वायर नको. थरथरीने ती आतल्या आत तुटते. लग दाबायला रॅचेटवालं क्रिम्पर वापरा, पकड नव्हे. आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी घ्या. नुसत्या डागेवर, म्हणजे सोल्डरवर, जोड टांगून ठेवू नका; डाग जिथे संपते तिथे तार कडक होते आणि तिथेच तुटते.

फ्यूज उपकरण बघून नव्हे, वायरची जाडी बघून ठरतो. फ्यूज वायरला जळण्यापासून वाचवतो. म्हणूनच उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा घातला की आता वायर हाच फ्यूज झाला. असा प्रकार दिसला तर तो आधी दुरुस्त करा. बॅटरीतून निघालेल्या वायरवर फ्यूज बॅटरीपासून किती लांब आहे तेही बघा. एबीवायसीचा मूळ नियम ७ इंचांचा, म्हणजे साधारण १८ सेंटिमीटरचा आहे, वायर आवरणातून नेली असेल तर जास्त मुभा मिळते. स्टार्टरची केबल या नियमातून वगळली आहे.

इथे थांबा

पुढच्या गोष्टींत हौस नको.

धक्क्यावरच्या विजेतलं किंवा इन्व्हर्टर-जनरेटरच्या एसी बाजूचं काहीही. जमिनीवरच्या इमारतीत न्यूट्रल आणि अर्थ पुरवठ्याच्या मुळाशी एकत्र बांधलेले असतात. बोटीवर धक्क्याची वीज घेताना ते पुन्हा बांधले की परतीच्या करंटचा काही भाग अर्थच्या वायरने आणि बोटीभोवतीच्या पाण्यातून जातो. गोड्या पाण्यात हे जीवघेणं ठरतं. गोड्या पाण्यापेक्षा माणसाचं शरीर विजेला सोपी वाट देतं, आणि दहा-वीस मिलिअँपिअरमध्येच स्नायू आखडून पोहता येत नाही. बाहेरून ते साधं बुडणं दिसतं. म्हणून मुंग्या येत असतील तर वीज मुळातून बंद करा, कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका, आणि शेजारच्या बोटींनाही सांगा. गळती त्यांच्या बोटीतूनही असू शकते.

लिथियम बॅटरी. तिचं नियंत्रण-सर्किट बिघाड जाणवला की बॅटरी एका क्षणात तोडतं. जुन्या अल्टरनेटरला ते सोसत नाही. शिवाय लिथियम इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जातो. जुन्या लेड-अ‍ॅसिडच्या जागी लिथियम ठेवून दिली असेल आणि तेव्हापासून त्रास सुरू झाला असेल, तर अख्ख्या चार्जिंग व्यवस्थेची नव्याने मांडणी लागते.

झिंक भराभर जाणं. नुसत्या गॅल्व्हॅनिक (पाण्यात वेगवेगळे धातू जोडलेले असल्याने येणाऱ्या) गंजाला हंगाम लागतो. पाण्यात डीसी करंट गळत असेल तर प्रोपेलर, शाफ्ट, तळातले व्हॉल्व्ह काही दिवसांत खिळखिळे होऊ शकतात. हे मोजायला सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड पाण्यात सोडावा लागतो आणि आकड्यांचा अर्थ लावणारा माणूस लागतो.

एकदा पुन्हा चढवलेला ब्रेकर लगेच परत पडला. आणखी एकदा चढवू नका.

वितळलेलं इन्सुलेशन, हात न लावता येण्याइतकी गरम केबल, पेट्रोल इंजिनच्या खणातला कुठलाही स्विच किंवा पंप बदलणं. तिथे ठिणगी बाहेर न पडू देणारी उपकरणंच लागतात. दिसायला हुबेहूब सारखं असलेलं मोटारीचं सुटं सामान तिथे स्फोटाला आमंत्रण आहे.

आणि साधी गोष्ट: मोजमापात काय दिसतंय ते कळेनासं झालं, तर तिथे थांबा.

कोणाला बोलवायचं

'बोटीचा इलेक्ट्रिशियन' असा एकच माणूस नसतो. डीसी वायरिंग आणि चार्जिंग एकाचं काम. एसी, अर्थिंग, गळती हे बोटींवरच्या एसीचा खास अनुभव असलेल्याचं. रडार, ऑटोपायलट, उपकरणांचं नेटवर्क हे मरीन इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचं. गंजाचा तपास करणारा पुन्हा वेगळा, काही अनुभवी सर्व्हेअर तो करतात. वरच्या तपासण्यांवरून तुम्हाला कळलेलं असतं की यातला कोण हवा.

घरकामाचा वायरमन आपल्या कामात कितीही तरबेज असला तरी न्यूट्रल-अर्थ बांधणं ही त्याची चांगली सवय आहे, आणि बोटीवर तीच घात करते. मोटारींचा इलेक्ट्रिशियन डीसी जाणतो, पण मोटारीच्या सांगाड्यातून करंट परत आणायची त्याला सवय असते; बोटीत प्रत्येक उपकरणाला निगेटिव्हची स्वतंत्र वायर लागते. रंगांचाही घोळ होतो. डीसी निगेटिव्ह बऱ्याच बोटींत काळी असते आणि अमेरिकन पद्धतीच्या एसीत काळी वायर म्हणजे जिवंत फेज. त्याच कारणाने डीसी निगेटिव्हसाठी पिवळा रंग आला. हे ज्याला माहीत नाही त्याला तुमच्या पॅनेलमागे हात घालू देऊ नका.

प्रमाणपत्र विचारायचंच. एबीवायसी मरीन इलेक्ट्रिकलचं प्रमाणपत्र देते आणि ते ठरावीक वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, म्हणून वर्षही बघा. इलेक्ट्रॉनिक्ससाठी अमेरिकेची नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन इन्स्टॉलरना प्रमाणित करते. छोट्या बोटींच्या एसी-डीसी व्यवस्थेचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १३२९७ आहे. तुमच्या भागात ही प्रमाणपत्रं असलेलं कुणी नसेल तर निदान 'तुम्ही कुठल्या मानकाप्रमाणे काम करता?' एवढं विचारा. उत्तरात एखाद्या मानकाचं नाव आलं तर उत्तम. 'वीस वर्षं हेच करतोय' एवढंच आलं तर पुढचे प्रश्न विचारा.

नावं कुठून मिळवायची? रोज पाण्यात जाऊन पोट भरणाऱ्या बोटींकडून: मासेमारीच्या, प्रवासी, पायलट बोटी. त्यांची बोट उभी राहिली की कमाई थांबते, त्यामुळे वाईट कारागीर त्यांच्याकडे टिकत नाही. विम्यासाठी तपासणी करणारा सर्व्हेअर दुसऱ्यांची कामं उघडून बघत असतो. कोणाचं काम बघून त्याला बरं वाटतं हे त्याला नेमकं माहीत असतं. चार्जर-इन्व्हर्टर बनवणाऱ्या कंपन्यांकडे अधिकृत इन्स्टॉलरची यादी असते.

फोनवर असं काहीसं सांगा: 'बारा व्होल्टची व्यवस्था, दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या, रात्रभर ठेवून १२.७. बिल्ज पंप चालू असताना पॉझिटिव्ह बाजूला १.१ व्होल्ट घट, निगेटिव्हला ०.२. उडी फ्यूज होल्डरच्या दोन टोकांत दिसते. त्याच्या मागची वायर काळी पडलीय. ती बदलायला किती काम निघेल?' जाणकार यावर उलट प्रश्न विचारेल: पंप किती अँपिअरचा, वायर किती जाड, लांबी किती. जो म्हणेल 'या बॅटऱ्याच बदला', त्याला धन्यवाद देऊन फोन ठेवा.

बोटीवर आल्यावर तो आधी काय हातात घेतो ते बघा. लोड चालू करून मोजत असेल तर ठीक. मीटर पेटीतच ठेवून पाना काढत असेल तर काम सुरू होण्याआधीच थांबवा. एसीसाठी आलेल्याला विचारा, 'न्यूट्रल आणि अर्थ बोटीवर कुठे एकत्र आहेत?' बरोबर उत्तर असं: धक्क्याच्या विजेवर असताना कुठेच नाही, जनरेटर किंवा इन्व्हर्टर स्वतः वीज देत असताना त्याच्यापाशी, आणि बोटीवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (बोटीची वीज धक्क्याच्या वायरींपासून वेगळी ठेवणारा) असेल तर त्याच्या बोटीकडच्या बाजूला. या उत्तरात चाचरला तर एसीला हात लावू देऊ नका, मग डीसी त्याला कितीही येवो.

अंदाजपत्रकात शोधकाम आणि दुरुस्ती वेगवेगळी लिहून घ्या. शोधाला लागणारा वेळ आधी सांगता येत नाही, म्हणून त्याला तासांची कमाल मर्यादा घाला: 'इतक्या तासांत सापडलं नाही तर थांबून मला विचारा.' प्रामाणिक माणसाला ही अट आवडते, कारण त्यालाही उगाच वाद नको असतो. काढलेलं जुनं सामान मागून घ्या.

पैसे देण्याआधी त्याच्यासमोर तुमच्याच मीटरने लोडवरची घट पुन्हा मोजा, त्याच दोन जागी. आधीचा आकडा आणि आताचा आकडा वहीत शेजारी-शेजारी लिहा. बदललेल्या वायरींना दोन्ही टोकांना खुणेच्या चिठ्ठ्या लावून घ्या आणि हाताने काढलेला का होईना, एक नकाशा घ्या: बॅटरी, स्विच, फ्यूजचा आकार, वायरची जाडी. तो बॅटरीच्या खणात नको, तिथे आम्लाने आणि ओलाव्याने विरतो. पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या पिशवीत चिकटवा. मग महिनाभराने, बोट लाटांत फिरवून आणल्यावर, घट आणखी एकदा मोजा. आकडा चढलेला असेल तर त्याच माणसाला दोन्ही आकडे सांगून परत बोलवा.